जाताना गेली, येताना अडली

माझ्या टेबलावर, प्रिंटरच्या शेजारी, एक वस्तू कायम पडलेली असते. हातभर लांब, तीन पायांची, प्रत्येक पायाला दोन काळी चाकं. आमच्या डिझाइन सेक्शनला नवीन आलेला माणूस ती उचलतो, चारी बाजूंनी फिरवून बघतो आणि विचारतो, "मॅडम, ही सरळ कशी ठेवायची?" सरळ नाहीच तिला. पाठ नाही, पोट नाही. टेबलावर ठेवली की दोन पायांवर कलंडते आणि तिसरा पाय वर, विजेच्या खांबाशी उभ्या कुत्र्यासारखा. या गाडीला जमीन एका बाजूने पुरत नाही, सगळीकडून लागते.

मामाच्या पाइपसाठी केलेली गाडी ही. दोन उन्हाळे खाल्ले तिने माझे.

मामाचं गाव निपाणीच्या पलीकडे, वेदगंगेच्या काठाला. यमगर्णीच्या पुलावरून कोल्हापूरकडे जाताना हायवेच्या दोन्ही अंगांना जो ऊस दिसतो, तसलाच त्याचा, पण थोडा आत. नदीवर जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर. तिथून सहा इंची पीव्हीसी लाइन, तीन फूट जमिनीखालून, आठशे मीटर. वाटेत भाऊबंदांची दोन रानं, एक गाडीवाट आणि शेवटी मामाचा हौद. लाइन टाकली २००८ साली. २०१९ च्या ऑगस्टात नदी जॅकवेलच्या डोक्यावरून गेली, आणि ती उतरल्यानंतर हौदात पडणारी धार वर्षावर्षाला बारीक होत गेली. थ्री फेज रात्रीची, त्यामुळे ही बारीक धार बघायला मामा रात्री दोनला बॅटरी घेऊन हौदाशी उभा.

"गेज चढलंय, अँपियर उतरलंय," फोनवर त्याने सांगितलं, "आणि पाणी निम्मं बी येईना."

मी बेळगावात उद्यमबागला एका कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्वचं डिझाइन करते. मामा शाळा सातवी, पण त्याने जे दोन आकडे सांगितले त्यात सगळं आलं. पंपाच्या तोंडाशी दाब वाढला आणि मोटार करंट कमी खायला लागली, म्हणजे पंप ठीक आहे, त्याचं पाणी पुढे कुठेतरी अडलंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. इथे आडात भरपूर होतं, पोहऱ्याची दोरी मध्येच कुठेतरी गुंतली होती.

कुठे, हा प्रश्न. मामाने त्याच्या पद्धतीने शोधून बघितलं. पहारेचं एक टोक उघड्या पाइपवर टेकवायचं, दुसरं कानाच्या मागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. लोखंडी लाइन असती तर काही कळलंही असतं. पीव्हीसी आवाज गिळतं. आणि उकरून बघायचं तर वर भाऊबंदांचा ऊस उभा. त्यातले एक आण्णा, चुलत्यांपैकी, त्यांनी स्पष्टच सांगितलं, तोड झाल्याशिवाय कुदळ आणायची नाही. चूक त्यांचीही नाही म्हणा.

तेव्हा मी जे बोलायला नको होतं ते बोलले. म्हटलं, आतून बघू.

पाइपात आतून काही पाठवायचं म्हटलं की तेल-गॅसवाल्यांचा पिग आठवतो. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गॅसची लाइन आपल्याच जिल्ह्यातून गेलीय, २०१३ पासून चालू आहे. असल्या लाइनींत पिग सोडतात. पाइपात घट्ट बसणारा बोळा, मागून गॅसचाच रेटा, पुढे सरकत सरकत भिंत तपासतो. मोटार लागत नाही, प्रवाहच त्याला नेतो. पण जिथे प्रवाहच अडलाय तिथे बोळा घालणं म्हणजे घशात घास अडकलेल्याला वर लाडू देणं. आपल्याला स्वतःच्या पायाने जाणारं आणि स्वतःच्या पायाने परत येणारं काहीतरी हवं होतं. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तेव्हा मी फार मनावर घेतला नव्हता.

पहिली गाडी मामेभावाच्या पोराच्या खेळण्याची. चार चाकं, वर कॅमेरा, मागे केबल. पाइपाच्या तुकड्यात अंगणात सोडली. वीतभर गेली, डावीकडे भिंतीवर चढली आणि चारी चाकं वर करून पडली. पोरं खूश. सपाट जमिनीवर चाक अर्धा अंश तिरकं असलं तर गाडी जरा बाजूला जाते, इतकंच. गोल पाइपात तोच अर्धा अंश तिला स्क्रूच्या आट्यासारखा वर वर चढवत नेतो. पाइपात 'बाजू' नावाची गोष्ट नाही, जिथून सरकाल तिथून चढच.

म्हणून तीन पाय. एकशेवीस अंशांवर तीन, प्रत्येकाला स्प्रिंग, स्प्रिंग पायाला बाहेर रेटते आणि चाक भिंतीवर दाबून धरते. आपण ज्याला सस्पेन्शन म्हणतो त्याचं रस्त्यावरचं काम धक्के खाण्याचं. पाइपात धक्के नसतात, तिथे सस्पेन्शन गाडीचं वजन तयार करतं. चाकाला पकड हवी तर भिंतीवर भार हवा, आणि गाडीचं स्वतःचं वजन फक्त खालच्या चाकांवर येणार. वरच्या चाकाला वजन स्प्रिंगच देते. उभ्या पाइपात तर सगळा भार स्प्रिंगचाच, कारण तिथे गुरुत्वाकर्षण चाकाच्या बाजूने नसतंच, विरुद्ध असतं.

मग किती दाबायचं? कागदावर सोपं. गाडीला केबल ओढायला तीन किलोची ओढ काढायची होती. शेवाळलेल्या पीव्हीसीवर ओलं रबर, घर्षणांक ०.२५ धरला. म्हणजे चाकांवर मिळून बारा किलोंचा दाब, पायाला चार किलो. जास्त दाबलं तर पकड वाढते खरी, पण चाकं जड फिरतात, बिजागऱ्या आखडतात, आणि बेंडला, म्हणजे पाइपच्या वळणावर, जिथे पायांनी मिटून घ्यायला हवं तिथे ते मिटत नाहीत. स्प्रिंगा आमच्याकडच्याच, रिलीफ व्हॉल्वच्या रिजेक्ट झालेल्या. चाकं ॲल्युमिनियमची, त्यांवर ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चढवलेली. ओ-रिंग आमच्याकडे चिरमुऱ्यांसारख्या पडलेल्या असतात.

चाकं करून दिली आमच्या टर्नरने. तो घरी कन्नड, आमच्याशी मराठी, मशीनशी दोन्ही. मी चाक म्हणते, तो गालि म्हणतो. कन्नडात गालि म्हणजे चाक आणि गाळि म्हणजे हवा, वारा. ल आणि ळ. आम्ही मराठी लोक दोन्ही एकसारखंच उच्चारतो, अशी त्याची पंधरा वर्षांची तक्रार. "मॅडम, गालि पाहिजे का गाळि? गाळि बाहेर फुकट हाय." संध्याकाळी गिरमिट, म्हणजे त्यांच्याकडचं चिरमुऱ्यांचं खाणं, खाताना त्याने हा विनोद परत केला, तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे लाकडाला भोक पाडायच्या हत्यारालाही गिरमिट म्हणतात, तू काय खातोयस बघ. हिशोब चुकता झाला.

रात्री मी रिसर्च पेपर वाचत बसायचे. टोकियोच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिगेओ हिरोसे यांनी १९९९ मध्ये २५, ५० आणि १५० मिलिमीटरच्या पाइपांसाठी केलेल्या गाड्यांबद्दल लिहिलंय. त्या मालिकेचं नाव थीसियस. ग्रीक गोष्टीत भुलभुलैयात शिरताना मागे दोरा सोडत गेला तो. आमच्या गाडीच्या मागेही दोरा होता आणि त्या दोऱ्यानेच मला सगळ्यात जास्त छळलं. सरळ पाइपात केबल काही जड नाही. पण ती बेंडच्या आतल्या कडेला टेकून वळते, आणि दोर खुंटाला गुंडाळल्यावर जे होतं तेच तिथे होतं. घर्षणांक ०.४ धरला तर काटकोनातल्या एका बेंडला ओढ जवळजवळ दुप्पट होते, आणि दोन बेंड झाले की साडेतीनपट. चौथ्या बेंडला बारापट. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. बैलाचा कासरा खुंटाला दोन वेढे मारून एका बोटाने धरून ठेवणारा माणूस हेच करत असतो, त्याला सूत्र माहीत नसतं एवढंच. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी सहा आणि आठ इंची बिडाच्या गॅस लाइनींसाठी एक्सप्लोरर नावाची बॅटरीवरची, बिनकेबलची गाडी का केली असेल, ते हा हिशोब मांडल्यावर कळलं.

बेंडची दुसरी गंमत अशी. बेंडच्या मध्यरेषेची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या दीडपट धरा. मग आतल्या कडेची त्रिज्या एक व्यास, बाहेरच्या कडेची दोन. आपल्या दीडशे मिलिमीटरच्या पाइपात काटकोन वळताना आतलं चाक २३६ मिलिमीटर जाणार आणि बाहेरचं ४७१. बरोबर दुप्पट, तेवढ्याच वेळात. तिन्ही चाकं एकाच गिअरला बांधली तर कुणीतरी घासणार, कुणीतरी फरफटणार. मोटारगाडीत यासाठी डिफरन्शियल असतं, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं, पण ते दोन चाकांचं. तीन चाकांना न्याय देणारं डिफरन्शियल करायला लोकांनी किती डोकं घातलंय ते बघून मी थक्क झाले. कोरियातल्या सुंगक्युनक्वान विद्यापीठात झालंय, आपल्याकडे हैदराबादच्या आयआयआयटीतही. आमच्याकडे तेवढं डोकंही नव्हतं आणि पैसेही. आम्ही प्रत्येक पायाला वेगळी छोटी डीसी मोटार दिली आणि तिन्ही एकाच सप्लायवर समांतर जोडल्या. डीसी मोटारीवर भार आला की ती आपोआप मंदावते, हलकी झाली की पळते. आतलं चाक अडलं की हळू, बाहेरचं मोकळं की जोरात. गरिबाचं डिफरन्शियल.

पहिल्या उन्हाळ्यात ही दुसरी गाडी घेऊन गेले. गाडीवाटेच्या अलीकडे एअर व्हॉल्व आहे, तिथे जोड उघडला. मामाचा अंदाज होता की गाळ गाडीवाटेखालच्या दोन बेंडांच्या आसपास साचलाय. गाडी आत गेली. मामेभावाच्या फोनच्या स्क्रीनवर पिवळट उजेड, वर चकचकणारे थेंब, खाली चॉकलेटी गाळाचा पट्टा, आणि दर सहा मीटरला जोडाची एक काळी गोल रेघ. केबलवर मी मीटर-मीटरला चिकटपट्टी लावली होती. सतरा मीटरला पुढचं दिसेना, गाळाने काच माखली. म्हटलं, परत घेऊ, पुसू, पुन्हा पाठवू.

परत येईना.

मोटारी उलट्या फिरवल्या, एक घरघर आली आणि ती जागची हलली नाही. नायलॉनची दोरी बांधलेली होती, मामेभावाने ओढली. हलली नाही. दोघांनी ओढली. घट्ट झाली. मग पुढे नेऊन बघावी म्हटलं, तर मोटारी बंद. वॉटरप्रूफ म्हणून मागवलेल्या, आत पाणी शिरलेलं. अभिमन्यू हा शब्द त्या संध्याकाळी चार जणांनी वेगवेगळा काढला, आणि चौघांनाही तो आपल्यालाच सुचला असं वाटत होतं.

सतरा मीटर म्हणजे आण्णांचा बांध. आण्णांनी शेवटी परवानगी दिली, पण उकरताना शेजारी उभे राहिले आणि मोडलेली उसाची कांडी मोठ्याने मोजली. तेवीस. पाइप हॅक्सॉने कापून गाडी काढली, जोड लावला, आणि आण्णांच्या घरी चहा घेतला. चहा घेताना त्यांनी तेवीस हा आकडा पुन्हा एकदा काढला.

कापलेल्या तुकड्यात जोड होता, म्हणून सगळं हातात घेऊन बघता आलं. पाइप टाकताना फिटर सॉकेट, म्हणजे पाइपचं रुंद तोंड, पाण्याच्या येण्याकडे तोंड करून ठेवतो आणि मागच्या पाइपचं टोक त्यात सारतो. टोक पूर्ण आत बसलं नाही तर आत बोटभर खोबण राहते. पाण्याबरोबर पुढे जाताना चाक टोकावरून खोबणीत उतरतं आणि समोर सॉकेटचा उतार, त्यावरून अलगद चढतं. परत येताना तेच चाक उतारावरून खोबणीत येतं आणि समोर पाइपाचं कापलेलं टोक, काटकोनात, पाच मिलिमीटरची पायरी. रस्ता तोच, जाताना उतार आणि येताना उंबरा.

त्यात माझी स्वतःची चूक. मी पाय पुढच्या बाजूला बिजागरीत धरून मागे फाकवले होते, म्हणजे चाक बिजागरीच्या मागून ओढलं जाणार. पुढे जाताना अडथळा आला की पाय आपोआप मिटतो. हातगाडी दगडावरून ओढून न्यावी तशी ती जाते. पण उलटी चालवली की तोच पाय पुढे रोखलेला. अडथळा चाकाला ढकलतो तो पाय मिटायच्या नव्हे, उघडायच्या दिशेने. जेवढं ओढावं तेवढा पाय भिंतीत रुततो. दाराला आतून लावलेल्या टेकूसारखा. आम्ही दोघं-तिघं मिळून जी दोरी ओढत होतो, तिने गाडीला जास्तच घट्ट बसवलं होतं.

परत येताना तवंदीच्या घाटात टायर बसला. अंधार, ट्रकांचे लाइट, आणि मी डिकीतला जॅक काढून गाडीखाली सरकवला. चौकटीचा, मधून स्क्रू जाणारा. हवा गेलेल्या गाडीखाली तो जवळजवळ पसरलेला होता. सुरुवातीची फिरकी अशी जड की हँडलवर अंग टाकावं लागलं. चार बोटं वर आल्यावर एका हाताने फिरायला लागला. गाडी तीच, वजन तेच. मी हँडल धरून तशीच बसले. नवऱ्याने विचारलं, दमलीस का. म्हटलं, थांब जरा.

जॅकच्या चार पट्ट्या सपाट असतात तेव्हा आडव्या ओढीतला फार थोडा भाग उभा होतो. पट्ट्या उभ्या राहतील तसा तो भाग झपाट्याने वाढतो, कोनाच्या टॅनच्या हिशोबाने. माझा पाय जॅकसारखा केला तर? दोन पट्ट्या, मध्ये चाक, दोन्ही टोकं मधल्या दांड्यावर सरकती, आणि दोन्ही टोकांना बाहेरून स्प्रिंग. पाइप अरुंद झाला की पट्ट्या सपाट होतात, टॅन घटतो, पण त्याच वेळी टोकं लांब जातात आणि स्प्रिंग जास्त दबते. एकाचं घटणं दुसऱ्याच्या वाढण्याने बरंचसं भरून निघतं, आणि चाकावरचा दाब फारसा हलत नाही. ३५ ते ५० अंशांच्या मधलीच चाल वापरायची. साठ मिलिमीटरच्या पट्टीला तेवढ्यात साडेअकरा मिलिमीटरचा खेळ मिळतो, म्हणजे व्यासात तेवीस. (आण्णांचा आकडा. मला तेव्हाच हसू आलं.)

आणि मुख्य म्हणजे दोन्ही टोकं सरकती असल्यामुळे या पायाला पुढ-माग राहत नाही. एक जरी टोक पक्कं केलं तर पुन्हा तीच जुनी बिजागरी आणि तोच टेकू. हे मला फार उशिरा, तिसऱ्या ड्रॉइंगला कळलं. चाक एकाऐवजी दोन केली, मध्ये डुलणारी पट्टी, म्हणजे एक खोबणीत असताना दुसरं भिंतीवर. चाकांना नर्लिंग मारून, म्हणजे खरखरीत करून, वर रबर. मोटारींच्या सांध्यांना आमच्याच कारखान्यातले शाफ्ट सील. टर्नर म्हणाला, "आता गालित गाळि पण जाणार नाही, पाणी पण."

दुसऱ्या उन्हाळ्यात, तोड झाल्यावर, पुन्हा गेलो. यावेळी मी पुढे काय दिसतं ते नंतर बघायचं ठरवलं होतं. दोन जोड पुढे, मग मागे. चार जोड पुढे, मग मागे. मामा वैतागला. "अगं, पुढं जा की! काय सारखी माघारी येतीयास?" मी ऐकलं नाही. दर वेळी त्या उंबऱ्याशी चाक थांबल्यासारखं व्हायचं, पट्टी डुलायची, एक चाक वर, मग दुसरं, आणि केबल हातात सैल यायची. ती सैल येणारी केबल हाताला किती गोड लागते ते सांगता येणार नाही.

दोन्ही बेंड पार झाले. एकतीस मीटरला स्क्रीनवर पांढरं काहीतरी. गाळातून वर आलेलं, पाण्याच्या ओहोळात हळूच हलणारं. मामेभावाला साप वाटला. गाडी तशीच मागे घेतली, ती आली. एकतीस मीटर नशिबाने मामाच्याच हद्दीत, गाडीवाटेच्या पलीकडे. उकरलं, कापलं. आत विणलेल्या प्लॅस्टिकची खताची पिशवी, घडी घालून बोळा केलेली, वरून सुतळीचा वेढा. तिच्यामागे हातभर गाळ, विटेसारखा घट्ट. पिशवी पहिल्यापासून तिथे असणार. कडेकडेने पाणी जात राहिलं, आणि पुराच्या गाळाने त्या कडा भरल्या.

मामाने पिशवी हौदाच्या पाण्यात धुतली. अक्षरं पुसट, पण होती. सुतळीची गाठ त्याने बोटाने चाचपून बघितली, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेडकं जात्यात रातची म्हणून तोंड बांधलं हुतं. सकाळी फिटर लवकर आला. मी बाजाराला गेलतो."

तेवढ्यात बांधावरून आण्णा आले. "काय निघालं रं?"

मामाने पिशवी खाली टाकली आणि तिच्यावर बसला.

"गाळ," तो म्हणाला.